भ्रमाचा भोपळा : एक डोंगर, दोन पुस्तके

दक्षिण लेबनॉनच्या लढाईविषयी आपल्या घरांतून जितके बोलले जाते, तितके वाचले जात नाही. सिडनीच्या पश्चिमेला क्वेकर्स हिल व आसपासच्या उपनगरांत जी आपली कुटुंबे येऊन राहिली आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांचा कोणी ना कोणी भाचा, पुतण्या अगर मावसभाऊ इस्राएलच्या लष्करात राहून आला आहे. अश्दोद, लोद, दिमोना येथून फोन येतात आणि उत्तर सरहद्दीची खबर कळते. दुसरीकडे आमची मुले येथे ज्या शाळांतून शिकतात, तेथे लेबनॉन, इराक आणि अफगाणिस्तान येथून आलेल्या शियांची मुले त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतात. दोन्ही बाजूंच्या गोष्टी मुलांच्या कानी पडतात आणि मग जेवताना प्रश्न येतो : हे हिजबुल्लावाले आहेत तरी कोण, आणि आले कुठून?

या प्रश्नाला आमच्या बैठकीत दोनच उत्तरे मिळतात. वडील माणसे म्हणतात, इराणने दोरी ओढली की नाचणारी ही बाहुली आहेत. कॉलेजात जाणारी पोरे म्हणतात, परकी फौजेशी लढणारे हे देशभक्त आहेत. दोन्ही उत्तरे तोंडात बसायला सोपी आहेत. ती कितपत खरी आहेत हे पारखून घ्यावे, म्हणून आम्ही दोन पुस्तके वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती एकाच टापूविषयी आहेत. एक डोंगराच्या माथ्यावरून लिहिलेले आहे, दुसरे डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाचे आहे.

पहिले पुस्तक मॅटी फ्रीडमन यांचे ‘पंपकिनफ्लॉवर्स’, २०१६ साली प्रसिद्ध झालेले. फ्रीडमन मूळचे टोरांटोचे. १९९५ साली ते इस्राएलात आले आणि लष्करात भरती होऊन दक्षिण लेबनॉनमधील एका ठाण्यावर गेले. नबातिये गावावर नजर ठेवणाऱ्या त्या टेकडीवरच्या ठाण्याचे नाव ‘दलाअत’, म्हणजे भोपळा. त्या भागातील ठाण्यांना लष्कराने अशी बागेतली नावे दिली होती. वायरलेसवर जखमी शिपायाला ‘फूल’ म्हणत, मेलेल्याला ‘कण्हेर’. पुस्तकाचे नाव त्यावरून आले आहे.

या पुस्तकाचा गुण असा की त्यात आरडाओरड नाही. पहाटेपूर्वी सर्वांनी जागे होऊन खंदकात उभे राहणे, धुके, कंटाळा, आणि त्या कंटाळ्याच्या मध्येच येऊन आदळणारा तोफगोळा, हे सारे ज्याने भोगले त्यानेच लिहावे असे लिहिले आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात अवी नावाच्या शिपायाची हकिकत आहे. हा वाचनाची आवड असलेला, थोडा हट्टी मुलगा. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी लेबनॉनकडे निघालेली दोन हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून ७३ जण मृत्यू पावले. एक हेलिकॉप्टर ब्यूफोर्टच्या ठाण्याकडे चालले होते व दुसरे या भोपळ्याकडे. अवी त्या दिवशी गेला. त्यानंतर उत्तरेकडील काही आयांनी ‘चार माता’ या नावाने चळवळ सुरू केली. आमची मुले तेथे नेमकी कशासाठी उभी आहेत, एवढाच त्यांचा सवाल होता. २४ मे २००० रोजी इस्राएलची फौज लेबनॉनमधून बाहेर पडली.

मराठीत परीक्षेत भोपळा मिळाला म्हणजे शून्य मिळाले, आणि भ्रमाचा भोपळा फुटला म्हणजे डोळे उघडले. हे दोन्ही अर्थ लेखकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण पुस्तक मिटताना आम्हांस दोन्ही आठवले. १९८५ ते २००० अशी १५ वर्षे ‘सुरक्षा पट्टा’ म्हणून जी जमीन धरून ठेवली, तिने गॅलिलीतल्या गावांचे रक्षण होते असे सांगितले जाई. ते काही अंशी खरेही होते. पण शेवटी शेवटी ठाणी स्वतःचेच रक्षण करीत बसली होती.

आणखी एक गोष्ट फ्रीडमन यांनी फार चांगली टिपली आहे. २९ ऑक्टोबर १९९४ रोजी हिजबुल्लाची माणसे या ठाण्याच्या कडेपर्यंत चढून आली, त्यांनी तेथे आपले निशाण रोवले आणि त्याचे चित्रीकरण केले. ठाणे काही त्यांच्या ताब्यात गेले नाही. पण चित्रफीत सर्वत्र दाखवली गेली, आणि पाहणाऱ्याला वाटले की ठाणे पडले. निशाण आणि कॅमेरा यांनी लष्करी दृष्ट्या किरकोळ चकमकीचा मोठा विजय करून टाकला. पुढे इराकात, सीरियात ज्या तऱ्हेने लढाया झाल्या, त्यांचा पहिला धडा या टेकडीवर गिरवला गेला असे लेखकाचे म्हणणे आहे आणि ते आम्हांस पटते.

आता दोष. नाटकाच्या तिसऱ्या अंकाला पडदा उघडावा तसे हे पुस्तक १९९४ साली सुरू होते. शत्रू तोपर्यंत तयार होऊन उभा आहे. रात्रीच्या दुर्बिणीतून तो सावलीसारखा दिसतो, येतो, गोळी झाडतो आणि झुडपांत नाहीसा होतो. त्याला आई आहे का, त्याचे गाव कोणते, १२ वर्षांपूर्वी तो काय करीत होता, हे टेकडीवरून दिसत नाही. शेवटच्या भागात फ्रीडमन २००२ साली कॅनडाच्या पासपोर्टवर लेबनॉनला गेले आणि जुन्या ठाण्याची जागा पाहून आले. तो भाग धाडसाचा आहे आणि वाचनीयही आहे. पण थोड्या दिवसांच्या प्रवाशाला पायथ्याच्या गावाचा इतिहास कितीसा कळणार? शिपायाने शिपायाचे सत्य सांगितले, त्याबद्दल त्याला दोष नाही. दोष आपला आहे, जर आपण तेवढ्यावरच थांबलो तर.

म्हणून दुसरे पुस्तक. फुआद अजामी यांचे ‘द व्हॅनिश्ड इमाम’, म्हणजे नाहीसा झालेला इमाम. ते १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. अजामी हे शिया कुटुंबातले. त्यांचा जन्म १९४५ साली अर्नून गावी झाला. हे गाव ब्यूफोर्ट किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. फ्रीडमन यांची टेकडी आणि अजामी यांचे गाव काही मैलांच्या टापूत येतात. अजामी पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले व २०१४ साली वारले.

पुस्तक आहे मूसा सद्र या धर्मगुरूविषयी. त्यांचा जन्म १९२८ साली इराणात कूम येथे झाला आणि १९५९ साली ते लेबनॉनमध्ये सूर शहरी आले. त्या वेळी दक्षिणेतला शिया म्हणजे तंबाखू पिकवणारा कूळ. जमीनदार त्याचे मत घेई, सरकार त्याची दखल घेत नसे, आणि पोट भरेना म्हणून तो बैरूतच्या झोपड्यांत नाही तर पश्चिम आफ्रिकेत जाई. मूसा सद्र यांनी या माणसाला ताठ उभे राहायला शिकवले. १९७४ साली त्यांनी ‘वंचितांची चळवळ’ काढली आणि १९७५ साली, लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा, तिला ‘अमल’ नावाची सशस्त्र शाखा जोडली. ३१ ऑगस्ट १९७८ रोजी लिबियाच्या दौऱ्यावर असताना ते नाहीसे झाले. पुढे कधी परत आले नाहीत.

अजामी यांच्या लेखणीत या माणसाविषयी प्रेम आहे, तरी ते भाबडे नाही. त्यांचा मुद्दा असा : करबलाच्या दुःखाची आठवण शिया शतकानुशतके रडून साजरी करीत आले. मूसा सद्र यांनी तीच कथा उठून उभे राहण्याची कथा केली. हा मुद्दा समजायला आपल्या वाचकांना मोठे भाष्य नको. ज्यांचे वाडवडील डोंगरी, मांडवी, उमरखाडी या भागांत राहिले, त्यांनी मोहरमचे ताबूत पाहिले आहेत, सबिलीचे पाणी प्यायले आहे, ‘या हुसेन’ करीत छाती पिटणारी माणसे पाहिली आहेत. मुंबईची इराणी मोगल मशीद त्याच वस्तीत आहे. आपण आपल्या सिनेगॉगलाही मशीदच म्हणत आलो. ते लोक आपल्याला परके नव्हते.

हे पुस्तक वाचताना एक गोष्ट सारखी ध्यानात येते. ‘अमल’ची बंदूक सुरुवातीला इस्राएलकडे रोखलेली नव्हती. दक्षिणेत पॅलेस्टिनी सशस्त्र गटांनी आपले राज्य मांडले होते, ते इस्राएलवर मारा करीत, आणि उलट माऱ्यात शियांची गावे भाजून निघत. म्हणूनच ६ जून १९८२ रोजी इस्राएलची फौज लेबनॉनमध्ये शिरली, तेव्हा कित्येक शिया गावांत शिपायांवर तांदूळ उधळले गेले. पाहुणा आला, काम करून जाईल, अशी लोकांची समजूत होती. पाहुणा गेला नाही. नाकी बसली, झडत्या सुरू झाल्या, माणसे धरून नेली जाऊ लागली, स्थानिक ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज गावागावांवर बसवली गेली.

१६ ऑक्टोबर १९८३ हा दिवस आशुराचा. नबातिये येथे हजारो लोकांची शोकमिरवणूक चालली असता इस्राएली लष्कराच्या गाड्यांचा तांडा त्या गर्दीतून वाट काढू लागला. लोकांनी दगड मारले, गाड्या उलथल्या, शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्यानंतर शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू महंमद महदी शम्सुद्दीन यांनी फौजेशी असहकाराची हाक दिली. मोहरमच्या मिरवणुकीत गाडी घालू नये हे डोंगरीतल्या पोरासोरांनाही कळत होते. ते त्या तांड्याच्या अधिकाऱ्याला कळले नाही, आणि भोपळ्यावर पुढे जी फुले व कण्हेरी मोजावी लागली, त्यांची मुळे त्या दिवसापर्यंत जाऊन पोहोचतात.

मग इराणचे काय? इराणच्या क्रांतिरक्षकांची पथके १९८२ साली बालबेकच्या खोऱ्यात आली, त्यांनी माणसे शिकवली, पैसा आणि शस्त्रे पुरवली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या हिजबुल्लाने १९८५ साली जाहीरनामा काढून इराणच्या सर्वोच्च धर्मगुरूचे नेतृत्व उघड मान्य केले. हे कोणी नाकारीत नाही, खुद्द हिजबुल्लाही नाही. पण बी इराणचे असले तरी ते रुजले त्या जमिनीत, आणि ती जमीन परक्या फौजेच्या मुक्कामाने नांगरली गेली होती. ‘बाहुली’ म्हणून मोकळे होणारे वडीलधारे हा अर्धा भाग गाळतात.

‘देशभक्त’ म्हणणाऱ्या तरुणांनी दुसरा अर्धा भाग गाळलेला असतो. अजामी यांचे पुस्तक १९८६ साली संपते, त्यामुळे तो त्यांच्याकडेही नाही, आणि या पुस्तकाची ही मोठी उणीव आहे. १९८८ ते १९९० या काळात ‘अमल’ आणि हिजबुल्ला आपसांत लढले, शियाने शियाला मारले. १८ जुलै १९९४ रोजी ब्युनोस आयर्स येथील ज्यू संस्थेची इमारत उडवली गेली, ८५ माणसे ठार झाली, आणि अर्जेंटिनाच्या सरकारी वकिलांनी त्याबद्दल हिजबुल्लावर व इराणवर आरोप ठेवले. त्या माणसांनी लेबनॉनची कोणती टेकडी बळकावली होती? २००० साली परकी फौज गेली, तरी बंदूक खाली ठेवली गेली नाही. २०१३ साली हिजबुल्लाचे लोक सीरियातील कुसैर शहरात असद सरकारच्या बाजूने लढले. तेथे परकी फौज तेच होते. हिजबुल्लावर उघड टीका करणारे शिया लेखक लोकमान स्लीम यांचा फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये खून झाला. आणि ८ ऑक्टोबर २०२३ पासून सरहद्दीपलीकडे मारा सुरू झाला, त्यात इस्राएलच्या उत्तरेतील सुमारे ६०,००० माणसांना घरदार सोडावे लागले, तर २०२४ च्या शरदात दक्षिण लेबनॉनमधील शियांची गावेच्या गावे ओस पडली आणि कित्येक जमीनदोस्त झाली. ज्या कुळासाठी मूसा सद्र उभे राहिले, त्याच्या घराचे छप्पर त्याच्याच नावाने चाललेल्या लढाईत गेले. हे युद्ध करावे की नाही, असे त्या कुळाला कोणी विचारले नव्हते.

अजामी यांच्याविषयी आणखी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. ज्या लेखकाने शियांच्या मनाचे असे दर्शन घडवले, त्याच लेखकाने २००३ साली अमेरिकेच्या इराकवरील स्वारीचा पुरस्कार केला. बसरा आणि बगदादचे रस्ते आनंदाने फुलून जातील हे त्यांचे भाकीत अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी ऑगस्ट २००२ मध्ये आपल्या भाषणात आधाराला घेतले होते. तांदूळ उधळणाऱ्या गावांचे पुढे काय झाले, हे अर्नूनमध्ये जन्मलेल्या माणसापेक्षा कोणाला अधिक ठाऊक असायला हवे होते? इराकात त्याच वर्षी सद्र घराण्यातल्याच मुक्तदा सद्र यांनी ‘महदी फौज’ उभारली, आणि दक्षिणेतील शहरांत पुन्हा तोच खेळ सुरू झाला.

इराकची ही गोष्ट आपल्याला दूरची नाही. रुमैथा हे फरात नदीकाठच्या मुलखातील गाव. ३० जून १९२० रोजी तेथे ब्रिटिश अधिकाऱ्याने एका टोळीच्या शेखाला सरकारी देणे थकले म्हणून अटकेत टाकले. त्याच्या माणसांनी त्याला सोडवून नेले, आणि बघता बघता बंड पसरले. करबलाचे थोर धर्मगुरू महंमद तकी शिराझी यांनी त्याला आशीर्वाद दिला. रुमैथाच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश सरकारच्या शिपायांत ११४ व्या मराठा पलटणीचे जवान होते. २० जुलैला त्यांची सुटका झाली. सेनापती हाल्डेन यांनी या बंडावर १९२२ साली पुस्तक लिहिले. त्यातील हिशेबाप्रमाणे सरकारी बाजूचे ४२६ जण ठार, १२२८ जखमी आणि ६१५ बेपत्ता अगर कैद झाले. त्यांच्यात मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. मराठी बोलणारा शिपाई लंडनच्या हुकमाने दुसऱ्याच्या गावात उभा होता. ज्या मुंबई फौजेत आपल्या समाजाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सुभेदार-जमादार झाले, तिच्याच परंपरेतली ही पलटण.

तेव्हाही ‘बाहुली’चे उत्तर होतेच. बंडाचे खापर अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तुर्क, बोल्शेविक आणि सीरियातले चिथावणीखोर यांच्या डोक्यावर फोडले. कर, अटक आणि न विचारता लादलेला अंमल ही कारणे त्यांना तितकीशी दिसली नाहीत. आणि तेव्हाही बंदुकीचा हिशेब शियांच्याच अंगावर आला. बंड मोडले, १९२१ साली फैसल राजा झाला, आणि ज्यांनी रक्त सांडले त्या शियांच्या वाट्याला नव्या राज्यात फारच थोडे आले.

त्याच मुथन्ना प्रांतात २००५ साली ऑस्ट्रेलियाची फौज गेली. समावा येथे काम करणाऱ्या जपानी इंजिनियर पथकाचे रक्षण करणे हे तिचे काम. २६ सप्टेंबर २००६ रोजी रुमैथा गावात ऑस्ट्रेलियन शिपायांवर हत्यारबंद टोळीने हल्ला केला आणि चकमक झडली. म्हणजे मराठा जवानांनंतर ८६ वर्षांनी त्याच गावात आमच्या नव्या देशाचे शिपाई. क्वेकर्स हिलमध्ये १९९४ पर्यंत निरिम्बा हे नौदलाचे शिक्षण केंद्र होते. आता तेथे कॉलेजे भरतात. त्या वर्गांतून आमची मुले शिकतात, त्यांच्या शेजारी इराकी मुलेही शिकतात. दोघांच्याही घरांत रुमैथाचे नाव वेगवेगळ्या तऱ्हेने घेता येईल, हे आमच्या मुलांनी ध्यानी ठेवावे.

कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकी झाले, आमच्या दाराशी पहारा बसवावा लागतो त्याचे काय? रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडनीत बॉन्डाय येथील कोशर उपाहारगृहाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नच्या अदास इस्राएल सिनेगॉगला आग लावली गेली. त्यामागे इराणच्या क्रांतिरक्षकांचा हात असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर करून इराणच्या वकिलाला देशाबाहेर काढले. भीती खोटी नाही. पण भीतीला पत्ता नीट कळला पाहिजे. तेहरानचा खातेदार एक, नबातियेचा बंदूकवाला दुसरा, आणि ऑबर्नच्या बाजारात आपल्याला भाजी मोजून देणारा शिया शेजारी तिसरा. तिघांना एकाच गाठोड्यात बांधले की आपण त्या अधिकाऱ्यासारखे होतो, ज्याला मिरवणूक आणि मोर्चा यांतला फरक कळला नाही.

आमची शिफारस अशी की दोन्ही पुस्तके घरात आणावीत आणि अजामी आधी, फ्रीडमन मागाहून, या क्रमाने वाचावीत. पायथ्याचे गाव आधी पाहिले म्हणजे माथ्यावरचा शिपाई अधिक कळतो आणि त्याच्याविषयी वाटणारी माया कमी होत नाही. अवीसाठी रडणाऱ्या वाचकाला अर्नूनच्या कुळाची कणव येऊ शकते. त्यासाठी आपली बाजू सोडावी लागत नाही. इंग्रजी ज्यांना जड जाते अशा आपल्या वडीलधाऱ्यांसाठी कोणी तरुणाने या पुस्तकांचा सारांश मराठीत करून वाचून दाखवावा. आणि मुलांनी पुन्हा विचारले की हे लोक कुठून आले, तर ‘इराणातून’ एवढेच सांगून ताट पुढे सरकवू नये. ते त्या डोंगराच्या पायथ्यापासून आले, त्यांना वर चढायला कोणी काय कारण दिले आणि वर चढल्यावर त्यांनी आपल्याच गावाचे काय केले, एवढे तिन्ही मिळून उत्तर द्यावे. त्याला वेळ लागेल. जेवण थोडे लांबले तरी चालेल.